फोर्क बदलू नको, आधी हवा बघ

प्रिय बाळ,

काल फोनवर बोललीस की राजहंसगडावरनं येळ्ळूरकडं उतरताना मनगटं भरून येतात आणि ग्रुपमधली पोरं म्हणायलीत सायकलचा फोर्क (पुढच्या चाकाचा शॉकअप) भंगार आहे, नवीन घे. नवीन कशाला? फोनवर नीट सांगता येईना म्हणून लिहायलोय.

दुकानवाल्यानं हवा भरताना तुझं वजन विचारलं होतं काय? नसणारच. तू 52 किलोची, तो तुझा मित्र 80 चा, त्याच्या फोर्कातला पीएसआय, म्हणजे हवेचा दाब, तुझ्यात घातला तर फोर्क दबेल कशाला, सगळा दणका हँडलमधनं तुझ्या हातात. बऱ्याच फोर्कांच्या पायावर वजनाप्रमाणे हवेचा तक्ता चिकटवलेला असतो, तिथनं सुरुवात कर, पण तो अंदाजच समज. पंप मात्र शॉकचाच लागतो, टायरचा साधा पंप लावू नको, फोर्कात हवा थोडीच असते आणि टायरच्या पंपानं ती नेमकी भरता येत नाही. पंप काढताना फुस्स झालं की घाबरू नको, ती नळीतली हवा असते, फोर्कातली नाही. परत लावून बघितलंस तर काटा कमी दाखवणार कारण तेवढी हवा नळीत जाते, म्हणून उगाच दहादा तपासत बसू नको.

आता खरं काम म्हणजे सॅग. नुसती सायकलवर उभी राहिलीस की तुझ्या वजनानं फोर्क जेवढा खाली बसतो तेवढा. तुझा 100 मिमीचा ट्रॅव्हल आहे, म्हणजे फोर्क जास्तीत जास्त तेवढा दबतो, तर 20 मिमीच्या आसपास बसला पाहिजे. हेल्मेट, बॅग, पाण्याची बाटली सगळं अंगावर घे, लॉकआउट, म्हणजे फोर्क दबू न देणारा खटका, उघडा ठेव (हे विसरलं की सगळं माप चुकतं), मैत्रिणीला हँडल धरायला सांग, वरच्या चकचकीत नळीवरची रबरी रिंग सीलपर्यंत (नळी खालच्या पायात शिरते तिथलं रबर) खाली सरकव, पेडलवर उभी राहा, उड्या न मारता हळू उतर आणि रिंग किती वर गेली ते पट्टीनं मोज. कमी बसला तर हवा काढ, जास्त बसला तर भर, पाच पाच पीएसआयनंच. दर वेळी फोर्क आठ-दहा वेळा दाबून सोड म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यातली हवा सारखी होते, मगच माप घे.

दादाच्या जुन्या सायकलला आत स्प्रिंग आहे, तिथं हवेचा प्रश्नच नाही, वरचा प्रीलोडचा खटका फिरवून स्प्रिंग मऊ होते असं तो समजतो. होत नाही, फक्त सुरुवातीचा ताण बदलतो. त्याला सांगून उपयोग नाही, तुला सांगतोय.

मग रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगानं परत वर येतो ते. फोर्कच्या उजव्या पायाच्या तळाला बहुतेक लाल खटका असतो त्यावर ससा-कासव काढलेलं असतं. पूर्ण कासवाकडं बंद कर, तिथनं क्लिक मोजत ससाकडं जा आणि मधे थांब. तू हलकी, तुझ्यात हवा कमी, त्यामुळं मित्रापेक्षा थोडं ससाकडंच लागेल. फार हळू ठेवलंस तर एकामागोमाग दगड आले की फोर्क वर यायच्या आतच परत दबतो आणि पुढं पुढं घट्टच होत जातो, फार फास्ट ठेवलं तर हँडल हातातनं उसळतं. एकाच ठिकाणी दोन-तीनदा उतर, एका वेळी एकच गोष्ट बदल. हवा आणि रिबाउंड दोन्ही एकदम बदलून "बरं वाटलं" म्हटलंस तर कशानं वाटलं ते मला कसं कळणार? आणि टायरची हवा सारखीच ठेव, ती बदलली की पण हात वेगळंच सांगतात.

गडाखालच्या तांबड्या मातीतनं आलीस की वरच्या नळ्या ओल्या फडक्यानं पूस, सीलवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नको. आमच्या गॅरेजात मोटारसायकलचे शॉकअप त्या मातीनंच गळत येतात.

सॅगचा आकडा आणि क्लिक किती ते व्हॉट्सअपवर टाक. पुढच्या रविवारी खानापूरला येतीस काय ते मात्र आईला सांग, माझ्याकडनं गेलेला निरोप ती धरत नाही.

तुझे बाबा