बोहेमियाचा खजिना कुठे घालावा

प्रिय अमेय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. क्रुसेडर किंग्ज ३ हा मध्ययुगीन राजघराणं चालवायचा संगणक-खेळ, १०६६ ची सुरुवात, बोहेमियाचा ड्यूक, खजिन्यात साडेचारशे सोनं, हातात प्राग, चास्लाव आणि पिल्सेन, आणि पदरी तीन मुलगे. आधी काय बांधू, असं विचारलं आहेस. त्याआधी एक कर. इमारतींचा पडदा मिट आणि वारसाहक्काचा उघड. तुझा ड्यूक आज गेला तर कुठली काउंटी (जिल्हा) कोणाला मिळेल ते तिथे आयतं दिसतं. ज्या काउंटीवर थोरल्याऐवजी दुसऱ्याचं नाव असेल तिथे आत्ता एक नाणंही घालू नकोस.

कारण साध्या गणितात आहे. समज, एका इमारतीला १५० सोनं लागलं आणि तिने महिन्याला ०.५ सोनं जास्त मिळालं. म्हणजे पैसे फिटायला ३०० महिने, पंचवीस वर्षं. बांधकामाला लागणारी वर्षं वेगळीच, आणि सोनं तर पहिल्याच दिवशी पूर्ण मोजावं लागतं. तुझा ड्यूक पस्तिशीत आहे. या इमारतीचा खरा फायदा त्याचा मुलगा खाणार. जमीन मुलांत वाटणाऱ्या कायद्यात तो मुलगा धाकटा निघाला, तर तू पंचवीस वर्षं पोसलेली शेतं उद्या थोरल्याविरुद्ध कट करणाऱ्याच्या हाती जातात. प्रत्येक इमारतीवर माउस नेऊन वाढीव उत्पन्न बघ आणि किंमतीला त्याने भाग. ही सवय लागली की अर्धे चुकीचे निर्णय आपोआप टळतात.

राजधानीची काउंटी थोरल्याकडेच जाते. म्हणून प्राग ही तुझी सगळ्यात खात्रीची गुंतवणूक. आणि बरेच जण विसरतात ती गोष्ट अशी, की एखाद्या काउंटीतल्या बॅरन्या (तिचे लहान भाग) तू स्वतःकडे ठेवल्यास तर त्या काउंटीबरोबरच जातात, भावांत विखुरत नाहीत. प्रागमध्ये रिकामी बॅरनी असेल तर तिथला नवा किल्ला दूरच्या काउंटीपेक्षा सुरक्षित. नवं होल्डिंग (बॅरनीतला किल्ला किंवा तशी वसाहत) महाग असतं, वेळही घेतं, आणि डोमेन लिमिटमध्ये, म्हणजे स्वतःकडे किती ठेवता येतं त्या मर्यादेत, मोजलं जातं. लिमिट ओलांडलंस की कर आणि सैन्य दोन्हींवर दंड बसतो, म्हणून जागा शिल्लक आहे का ते बघूनच हात घाल. लिमिट स्टुअर्डशिपवर (कारभाराच्या कौशल्यावर) वाढतं. बापाचं कौशल्य जास्त आणि मुलाचं कमी असेल तर वारस गादीवर बसताच लिमिटच्या वर गेलेला असतो. मुलाच्या शिक्षणाचा विचार इथेच करायला हवा.

आता चास्लाव. तिथे कुटना होराच्या खाणीची खास जागा आहे आणि साऱ्या नकाशावर अशा जागा मोजक्याच. तुझं सोनं जमवायचं असेल तर ते याच्यासाठी जमव. साधी शेती थांबू शकते. प्रत्यक्षात कुटना होराची चांदी तेराव्या शतकात हाती लागली आणि १३०० मध्ये राजा व्हाक्लाव दुसरा याने इटलीतून नाणेतज्ज्ञ आणून प्राग ग्रोशेन पाडायला सुरुवात केली. खेळात मात्र तू तिथे बराच आधी पोहोचू शकतोस. मला हा भाग फार आवडतो: इतिहासाला जे दोन शतकांनी सापडलं ते तुझ्या पायाखाली आधीच आहे.

पण चास्लाव राजधानी नाही, म्हणजे ते धाकट्याकडे जायची भीती खरी आहे. उपाय असा, की धाकट्यांचा वाटा दुसरीकडून निघावा. शेजारच्या मोरावियातल्या एक-दोन काउंट्या मिळवल्यास तर वाटणी तिथून होऊ शकते. मात्र मोरावियाचा ड्यूक हा किताब स्वतःकडे ठेवू नकोस. तो मधल्या मुलाला गेला की दोघे भाऊ एकाच दर्जाचे होतात आणि मधला थोरल्याचा सरदार राहत नाही. नुसती काउंटी मिळालेला मुलगा थोरल्याच्या हाताखाली राहतो. आणि कॉन्फेडरेट वाटणी या वारसाकायद्यात खेळ स्वतःच नवे किताब तयार करून मुलांना देतो, हेही ध्यानात ठेव. प्रत्येक जमीन घेतल्यावर वारसाचा पडदा पुन्हा बघ. चास्लावपुढे थोरल्याचं नाव आलं की खाण सुरू कर.

बाकी प्रागमध्ये काय बांधायचं ते जमीन ठरवते. शेतजमीन, सपाट प्रदेश, डोंगर, जंगल, दलदल यांना वेगवेगळ्या इमारती मिळतात, त्यामुळे दुसऱ्याची यादी आपल्याकडे चालेलच असं नाही. प्रत्येक होल्डिंगमधल्या जागा मोजक्या आहेत. एक इमारत पाडून दुसरी बांधली तर पहिलीचं सोनं गेलंच समज, म्हणून पहिल्या जागेचा निर्णय घाईत घेऊ नकोस. आधी कर देणारी, मग लष्करी.

पातळ्या वाढवताना किंमत चढत जाते. त्यामुळे एकाच इमारतीला सहाव्या-सातव्या पातळीपर्यंत ताणण्याआधी हातातल्या सगळ्या चांगल्या जागांवर खालच्या पातळ्या भरून घेणं बहुतेक वेळा फायद्याचं. शिवाय मुख्य किल्ल्याची पातळी वाढल्याखेरीज इतर इमारतींच्या वरच्या पातळ्या अडतात, आणि त्याही पुढे जायला संस्कृतीचे नवे शोध हवे असतात. शोध तुझ्या संस्कृतीच्या वेगाने येतात. तो वेग त्या संस्कृतीच्या काउंट्यांतल्या सरासरी डेव्हलपमेंटवर (विकासाच्या पातळीवर) अवलंबून असतो. तू संस्कृतीचा प्रमुख नसशील तर पुढचा शोध कुठला हे तुझ्या हातात नाही.

टक्केवारीने वाढ देणाऱ्या गोष्टी मागे ठेव. डचीच्या (ड्यूकच्या प्रांताच्या) राजधानीत बांधता येणारी कराची खास इमारत मोहात पाडते, पण पाया दोन सोन्याचा असताना दहा टक्के म्हणजे ०.२. आधी थेट सोनं देणाऱ्या इमारती, मग त्यांच्यावर टक्के. ही डचीची इमारत तुझ्याकडे तो किताब असेपर्यंतच काम करते हेही विसरू नकोस.

स्टुअर्डला (दरबारातल्या कारभाऱ्याला) प्रागच्या डेव्हलपमेंटवर लावून ठेव. वाढ मंद असते, पण ती हळूहळू शेजारच्या काउंट्यांत झिरपते, म्हणून मध्यावरून सुरुवात करणं बरं. मोरावियातून नवी जिंकलेली काउंटी घेशील तेव्हा तिचा कंट्रोल (तिच्यावरची तुझी पकड) आधी बघ. तो पडलेला असताना तिथल्या इमारतींचा कर तोकडाच येतो. मार्शलला (सेनापतीला) कंट्रोलवर लाव, शंभरच्या जवळ येऊ दे, मग बांधकामाचं बघ. आणि कर मोजताना तू ज्याचा सरदार आहेस तो पवित्र रोमन सम्राट विसरू नकोस. त्याच्याशी असलेल्या करारानुसार उत्पन्नाचा वाटा वर जातो, म्हणून पंचवीस वर्षांचं ते गणित प्रत्यक्षात आणखी लांबतं. कराराची अट हलकी करून घेणं कधीकधी एका इमारतीएवढं मोलाचं असतं.

लष्करी इमारतींबद्दल एवढंच. मेन-ॲट-आर्म्सच्या (कायम पदरी असलेल्या कसलेल्या सैनिकांच्या) तुकड्या होल्डिंगमध्ये तैनात करता येतात, आणि तबेल्यासारख्या इमारतींचा फायदा तिथे तैनात असलेल्या तुकडीलाच मिळतो. तेव्हा आधी ठरव की सैन्याचा कणा कुठला, जड घोडदळ की पायदळ, आणि त्याच जातीच्या इमारती बांध. तबेल्याच्या जागी भालेकरी ठेवलेस तर तबेल्याचे पैसे वाया.

खजिना कधीही शून्यावर आणू नकोस. साडेचारशेतले निदान शंभर-दीडशे हातचे ठेव. सैन्य उभं केलं की महिन्याचा खर्च उसळतो, खंडणी मागणारा कोणी येतो, भाडोत्री सैनिक घ्यावे लागतात. बांधकाम अर्ध्यात असताना कर्जात गेलास तर त्या मोठ्या खाणीनेही लगेच सुटका होत नाही. युद्ध दिसत असेल तर बांधकाम पुढे ढकल. शांततेची लांब वर्षं दिसली की एकदम दोन-तीन कामं सुरू कर आणि ड्यूकला स्टुअर्डशिपच्या आर्किटेक्ट शाखेत ने. तिथल्या काही पर्कनी (अनुभवाने मिळणाऱ्या खास सवलतींनी) बांधकाम स्वस्त आणि जलद होतं, म्हणून मोठी खरेदी त्या पर्क मिळाल्यावर केलेली बरी. खाणीला मात्र त्यांच्यासाठी थांबवू नकोस. तिचं दर महिन्याचं उत्पन्न सवलतीपेक्षा जास्त भरतं.

पुढच्या पत्रात वारसाच्या पडद्यावर चास्लावपुढे कोणाचं नाव आहे ते कळव, आणि तिन्ही मुलांचं स्टुअर्डशिपही. थोरल्याचं कमी असेल तर प्रागमधला दुसरा किल्ला आत्ता बांधायचा की नाही हे त्यावरच ठरवू.

तुझा,
मकरंद