मंत्रीसाहेब, आमची देवी 'मादी' कधीपासून झाली?

मा. मंत्रीसाहेब, सप्रेम नमस्कार.

नूतनीकरण होऊन तुमच्या हस्ते पुन्हा उद्घाटन झालेलं पुरातत्त्व संग्रहालय परवा बघून आलो. आलो म्हणजे मी आणि आमचे सासरे, आण्णा. वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले. पण हट्ट त्यांचाच, कारण तुमचं भाषण त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं, त्यात तुम्ही लिफ्ट म्हणालात, ज्येष्ठांना फुकट म्हणालात, मराठीतून माहिती ऐकायची सोय म्हणालात, सगळं म्हणालात.

आण्णांचा हट्ट का ते आधी सांगते. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजचं उत्खनन १९६८ ते ८२ चाललं होतं, त्यात ते तरणे असताना मजुरीला होते. टिकाव नाही चालवायचा, छोटी खुरपी आणि ब्रश, हे त्यांनी आम्हाला एवढ्या वेळा सांगितलंय की माझ्या पोरांना जोर्वे संस्कृती, म्हणजे तांब्या-दगडाच्या काळातली इथली शेतकरी माणसं, शाळेच्या आधी घरात कळली. लाल भांडं, वर काळी नक्षी, बाजूला टोटी. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण निघायचे आणि आत तान्ह्या लेकराची हाडं. तीन हजार वर्षांपूर्वीचं लेकरू. मोठ्या माणसाला पुरताना पाय घोट्याखाली तोडायचे लेकराला मात्र असं रांजणात ठेवायचे, असं आण्णा सांगतात आणि मग थोडा वेळ गप्प बसतात.

तर असा माणूस घेऊन मी दोन एसट्या बदलून आले. तिकीट ऑनलाईनच, रोख घेत नाहीत. ज्येष्ठांना फुकट? "मॅडम तसा जीआर आलेला नाही." माझा मोबाईल चार टक्क्यांवर, पैसे कटले आणि तिकीट आलंच नाही, परत भरले. लिफ्ट आहे हो, छान आहे, काचेची आहे, तिच्यावर उद्घाटनाचा हार अजून सुकून लटकतोय आणि खाली कागद, 'बंद आहे'. जुन्या काळची दालनं वरच्या मजल्यावर. पायऱ्या चौतीस, मी मोजल्या, कारण प्रत्येक पायरीला आण्णा थांबत होते. माझी स्वतःची कंबर दोन वर्षं धरलीय त्याचं तर सोडाच, पण सोडवत नाही म्हणून लिहिते, घरी आल्यावर दोन दिवस मला उठता आलं नाही.

वर काय? सेल्फी पॉइंट. फायबरचा घोडा. निळे जांभळे लाईट, त्यात लाल भांडं पण जांभळं दिसतं. आण्णांनी टोटीवरून ओळखलं, शेजारी पाटी, 'मातीचे भांडे. प्राचीन.' बस! बाकी माहिती म्हणे क्यूआर कोडमध्ये, तो उघडला तर पान सापडत नाही, आणि हेडफोनमध्ये हिंदी-इंग्रजी. पूर्वी तिथं रांजणातल्या दफनाचा हाताने रंगवलेला मोठा बोर्ड होता, पोरं लहान असताना मी स्वतः बघितलाय. तो कुठं गेला विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "काढला, लोकांना निगेटिव्ह वाटतं."

आणि मग ती मूर्ती. इनामगावला मातीच्या डबीबरोबर बिनडोक्याची देवी आणि बैल निघाला होता, आण्णांना तो दिवस पाठ आहे. तसलीच एक छोटी मूर्ती इथं काचेत, आणि खाली मराठीत छापलंय, 'मादी आकृती, डोके गहाळ'. साहेब, मादी कुत्र्यामांजराची असते. कुणीतरी इंग्रजी शब्द मोबाईलमध्ये टाकलाय आणि आलं ते छापलंय. आण्णांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, म्हणाले, "सूनबाई, हे आपल्यातल्या कुणी लिहिलंय का गं?" काय सांगू त्यांना?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हा तुम्ही लोकांनी पेढे वाटले. नाणेघाटाचा शिलालेख, गाथासप्तशती, भाषा जुनी असल्याचे सगळे पुरावे तेव्हा बरोबर आठवले. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात हस्तिदंती बाईची मूर्ती सापडते, तिची बहीण शोभावी अशी पार इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडते, कोल्हापूरला ब्रह्मपुरीत ग्रीकांचा समुद्रदेव निघतो, अहो केवढं आहे आपल्याकडे! आणि एक पाटी धड लिहायला माणूस नाही? नसणारच. तिथली अर्धीअधिक पोरं अकरा महिन्यांच्या करारावरची, त्यांनाच पुढच्या महिन्याचं माहीत नाही, त्यांना कशाला बोलू. कोट्यवधी रुपये गेले असतील म्हणे, आमच्या गल्लीत तर वीस कोटीचा आकडा चाललाय, खरं खोटं तुम्हाला माहीत, पण गेले ते फरशीत आणि लाईटीत. शाळेच्या खोल्या तशाच, दवाखाने तसेच, आधी रंग द्यायचा, कोनशिलेवर नाव कोरायचं, मग आत काय आहे ते बघायचं. बघायचं म्हणजे बघायचंच नाही. टॉयलेटला कुलूप होतं, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई जेवायला, हे वेगळंच.

माझं मागणं फार नाही. 'मादी' खोडा, 'देवी' नको वाटत असेल तर 'स्त्री' लिहा. रांजणाचा बोर्ड स्टोअरमधून काढून परत लावा. लिफ्ट कधी चालू होणार ती तारीख कळवा, आण्णा रोज विचारतात. तेही जमत नसेल तर वरच्या मजल्यावर एक खुर्ची तरी ठेवा, उद्घाटनाला तुमच्यासाठी पांढरी कव्हरं घालून आणल्या होत्या ना, त्यातलीच एक. कव्हर नको.

आपली,
शिरूर तालुक्यातली एक सून