डिझेल मुरलेल्या जमिनीला ‘शून्य’ रीडिंगवर दाखला नको : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

एसटी आगारांच्या जागा विकसित करायचे घाटत आहे. बहुतेक आगारांत डिझेलची जमिनीखालची टाकी आहे किंवा कधीकाळी होती. केंद्राने जुलै २०२५मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. त्यांनुसार संशयित जागेचे प्राथमिक मूल्यांकन राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला ९० दिवसांत करायचे आहे. तेवढ्या मुदतीत जागोजाग बोअर घेणे जमणार नाही. म्हणून मातीतल्या वायूची तपासणी (जमिनीत नळी घालून मातीच्या कणांमधली हवा ओढून तपासणे) पुढे येणार, आणि ती यायलाच हवी. पण पेट्रोलसाठी करतात तशीच ती डिझेलसाठी केली, तर दूषित जमिनीला स्वच्छतेचा दाखला मिळेल.

पेट्रोल उडते, डिझेल फारसे उडत नाही. त्याचा बहुतांश भाग १८० ते ३६० अंश सेल्सिअसला उकळतो. ताज्या गळतीत थोडी हलकी संयुगे आणि नॅफ्थलीन (डांबरगोळ्यांतले संयुग) वायूत सापडतात, मुरलेल्या जुन्या गळतीत त्यांचेही प्रमाण घटत जाते. अशा ठिकाणी नळीला नुसते पीआयडी (फोटोआयोनायझेशन डिटेक्टर, म्हणजे उडणाऱ्या संयुगांची बाष्पे मोजणारे) यंत्र लावले, तर खाली मुरमात डिझेल असूनही आकडा शून्याच्या आसपास राहू शकतो. दमट वायूत हे यंत्र आणखी कमी दाखवते आणि नेहमीच्या १०.६ ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन व्होल्ट) दिव्याला मिथेन दिसतच नाही.

म्हणून डिझेल शोधायचे ते त्यावर जगणाऱ्या जिवाणूंच्या खुणांवरून. एक किलो डिझेलचे पूर्ण विघटन व्हायला साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो आणि तीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो. टाकीजवळच्या नळीत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ५च्या खाली, कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांच्या घरात आणि सोबत मिथेन असेल, तर पीआयडी शून्य दाखवत असले तरी ती जागा सोडू नये. हिशेबाने ऑक्सिजन १५ टक्क्यांनी घटला तर कार्बन डायऑक्साइड १०च्या आसपास वाढायला हवा. मात्र आपल्याकडच्या चुनखडीच्या, ओल्या जमिनीत त्यातला काही भाग मुरतो आणि आकडा कमी येतो. गटार, शेणखत, जुना कचरा यांमुळेही असेच आकडे येतात. त्यामुळे टाकीपासून दूरच्या, त्याच मातीतल्या दोन-तीन नळ्यांची तुलना नसेल, तर अहवाल स्वीकारू नये.

यंत्रांच्याही खोडी आहेत. स्फोटकता मोजणारा उत्प्रेरक सेन्सर वायू जाळून मोजतो, म्हणून तो ऑक्सिजनवर चालतो. ऑक्सिजन १० टक्क्यांच्या खाली गेला की तो कमी आकडा दाखवतो, म्हणजे नेमका जिथे धोका तिथेच. इन्फ्रारेड सेन्सर इतर हायड्रोकार्बनलाही मिथेन समजतो. त्यावर उपाय स्वस्त आहे: एक रीडिंग थेट घ्यावे, दुसरे कोळशाची फिल्टर नळी लावून. मिथेन कोळशातून पार होतो, जड बाष्पे अडकतात. नॅफ्थलीनसाठी कॅनिस्टरवर (नमुना भरून घ्यायच्या धातूच्या डब्यावर) भिस्त ठेवू नये, ते त्याच्या भिंतींना चिकटते. शोषक भरलेल्या ट्यूबमध्ये नमुना घ्यावा.

नळीच्या टोकाची खोली किमान दीड मीटर हवी. त्याहून वर घेतले की हवाच येते. पहिला मीटरभर खड्डा हाताच्या ऑगरने (माती कोरायच्या गिरमिटाने) घ्यावा. खाली पाइप आणि केबल असतात, आणि इंधनाच्या आवारात ठिणगी परवडत नाही. टोकाभोवती ३० सेंमी वाळू, वर भिजवलेल्या बेंटोनाइटची (फुगणाऱ्या चिकणमातीची) सीलबंदी. नळी नायलॉन किंवा टेफ्लॉनची असावी. सिलिकॉन बाष्प शोषून घेते. आतून ४ मिमीच्या २ मीटर नळीत २५ मिली वायू मावतो. २५ मिमी व्यासाच्या छिद्रातल्या वाळूच्या पोकळीत आणखी सुमारे ५० मिली. या दोन्हींच्या बेरजेच्या तिप्पट, म्हणजे सव्वादोनशे मिली, मिनिटाला २००पेक्षा कमी वेगाने आधी काढून टाकावा. नळीच्या तोंडावर झाकण ठेवून त्यात हीलियम सोडावा. नमुन्यात तो झाकणाखालच्या प्रमाणाच्या ५ टक्क्यांहून जास्त निघाला, तर सील गळते आहे.

सगळ्यात जास्त फसगत काळ्या मातीत होते. नळीला लावलेल्या सिरिंजचा दट्ट्या ओढून सोडला आणि तो आपोआप आत गेला, तर माती वायू देत नाही. तिथे जोर लावून ओढले की सीलमधून वरची हवा येते आणि ऑक्सिजन २०.९ टक्के भरतो. कागदावर जमीन स्वच्छ! अशा बिंदूवर ‘नमुना मिळाला नाही’ एवढेच लिहावे. पावसाळ्यात ही माती फुगून बंद होते, उन्हाळ्यात भेगांमधून हवा खोलवर शिरते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, आणि अवकाळी पाऊस झालाच तर किमान पाच दिवस थांबावे.

बेसाल्टचे काय? डिझेल सांध्यांतून तिरके जाते आणि नळी दोन मीटरवर असली तरी हुकते. भूजल पातळी दरवर्षी वरखाली होते, तशी पाण्यावर तरंगणारी डिझेलची साय खडकात पसरत जाते. म्हणून ही तपासणी ‘कुठे बोअर घ्यायचे’ हे ठरवण्यापुरती, ‘इथे काही नाही’ हे ठरवण्यासाठी नव्हे.

तेव्हा मंडळाने काढायच्या कार्यपद्धतीत आमच्या मते एवढे यावे: टाकी, पाइपलाइन आणि डिस्पेन्सरभोवती (इंधन भरायच्या यंत्राभोवती) १० मीटरच्या आत बिंदू, प्रत्येक बिंदूवर ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि पीआयडी असे चारही आकडे, हीलियम चाचणी आणि व्हॅक्यूमची (वायू ओढताना नळीत पडणाऱ्या ताणाची) नोंद. दाखल्यासाठी किमान एक मातीचा गाभा (खोलवरून अखंड काढलेला उभा नमुना) आणि टाकीच्या उताराकडे एक निरीक्षण विहीर सक्तीची करावी. निविदेत दर बिंदूगणिक ठेवल्यास न मिळालेला नमुनाही ‘मिळतो’. त्यामुळे बाद बिंदूचेही पैसे द्यावेत.

आपले,
माती व भूजल तपासणीच्या कामातील काही भूवैज्ञानिक आणि अभियंते