इन्क्विझिशनचं म्युझियम करा, पण अर्धवट नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गोव्यातल्या इन्क्विझिशनवर, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयावर, स्वतंत्र म्युझियम व्हावं अशी मागणी अधूनमधून होत असते. माझा तिला पाठिंबाच आहे, पण मध्यंतरी पणजीच्या राज्य संग्रहालयात इन्क्विझिशनचं ते भलंमोठं कोरीव टेबल आणि उंच पाठीच्या खुर्च्या बघत होतो, तेव्हा शेजारच्या ग्रुपमधले एक काका मुलांना सांगत होते "ह्यांनी आपल्याला लय छळलं", आणि ह्यांनी म्हणजे कोणी तर आजच्या गोव्यातल्या कॅथलिकांनी! म्हटलं, म्युझियम होईल तेव्हा होईल, आधी हे तरी लिहावं.

अहो, ज्यांच्यावर खटले चालले त्यातले बहुतेक बाप्तिस्मा झालेलेच होते. या कोर्टाचा अधिकारच मुळात त्यांच्यावर. १५६० साली ते गोव्यात आलं तेव्हा पहिला डोळा होता पोर्तुगालहून आलेल्या, मूळच्या ज्यू असलेल्या 'नव्या ख्रिस्त्यां'वर. पुढे इथलेच धर्मांतर केलेले लोक सापडत गेले, घरात चोरून जुने रीतिरिवाज पाळतात म्हणून. हिंदूंनाही धरायचे, धर्मांतरात आडकाठी केली वगैरे आरोप लावून. १७७४ पर्यंत १६ हजारांवर खटले झाले, मग थोडी वर्षं बंद, परत १७७८ ला सुरू आणि कायमचं बंद झालं ते १८१२ मध्ये. म्हणजे जे काका बोट दाखवत होते ते त्याच माणसांच्या पणतू-खापरपणतूंकडे, ज्यांचे पूर्वज तिथे थरथरत उभे राहिले असतील.

इन्क्विझिशनचा १७३६ चा एक हुकूम वाचण्यासारखा आहे. ख्रिस्ती घरात तुळस लावायची नाही, एकादशीचा उपास नाही, लग्नात विडासुपारी नाही, बायकांनी चोळी आणि पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, आणि हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही! आता विचार करा, हे सिद्ध कसं करणार? भातात मीठ आहे की नाही हे बाहेरच्याला कळतच नाही, ते सांगणार घरातला नाहीतर शेजारचाच कोणीतरी. मला तर माणसं जिवंत जाळण्यापेक्षा याच गोष्टीने जास्त कसंतरी झालं. म्युझियममध्ये चाबूक आणि साखळदंड असतीलच, पण हा हुकूम मराठी-कोंकणीत मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, लोक दहा मिनिटं हलणार नाहीत.

आणि गार्सिया दे ओर्ता. इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिणारा डॉक्टर, ज्यू वंशाचा. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला कातारिनाला जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये याचीही हाडं उकरून काढून जाळली. मेलेल्या माणसाला शिक्षा!! पणजीत चर्चसमोरची बाग आज त्याच्या नावाने आहे, तिथे रोज शेकडो लोक बसतात, किती जणांना हे माहीत असेल?

अजून एक, आपल्याकडे सगळं एकाच खात्यावर टाकायची सवय आहे. देवळं पाडणं १५४० पासून सुरू झालं, इन्क्विझिशन यायच्या २० वर्षं आधी, आणि ते काम सरकारचं होतं. मिशनरी सेंट झेवियरने इन्क्विझिशनची मागणी १५४६ मध्ये पत्राने केली हे खरं, पण ते आलं त्याआधीच, १५५२ ला तो वारला. हे वेगळं सांगितल्याने कोणाचा गुन्हा कमी होत नाही. उलट फॉरवर्डमधले फुगवलेले आकडे आणि ऐकीव गोष्टी म्युझियममध्ये लावल्या तर उद्या एखादा अभ्यासक त्या खोट्या ठरवेल आणि मग जे खरंच घडलं तेही लोक खोटं समजतील.

जागा शोधायची तर जुन्या गोव्यात से कॅथेड्रलजवळ इन्क्विझिशनचा वाडा होता, आज तिथे काहीच उभं नाही. त्या वाड्यातला क्रूस मात्र पणजीतल्या फोंतेंयनसच्या सेंट सेबॅस्टियन चॅपलमध्ये आहे, त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आणि मान ताठ, नेहमीसारखी झुकलेली नाही. तो तिथेच राहू दे, प्रार्थनेची जागा आहे. कागदपत्रं लिस्बनला आणि ब्राझीलमधल्या रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, त्यांच्या डिजिटल कॉपी सरकारने आधी मागवाव्यात, पोर्तुगीज जाणणारी चार माणसं कामाला लावावीत आणि त्या समितीत गोव्यातले कॅथलिक अभ्यासकही घ्यावेत, बिल्डिंगचं टेंडर नंतर काढलं तरी चालेल.

आपला नम्र,
एक वाचक