फोटोच्या पाठीवरची नावं वाचणारे जाताहेत

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत तळाशी, कोर्टाच्या जुन्या कागदांखाली, एक फोटो सापडला. निजामाच्या काळातल्या त्यांच्या शाळेचा. तीन रांगांत बावीस मुलं, मधोमध शेरवानी घातलेले हेडमास्तर, मुलांच्या डोक्यावर टोप्या, पुढच्या रांगेतल्या सगळ्यांचे पाय अनवाणी. मागच्या बाजूला उर्दू लिपीत बारीक अक्षरात ओळी लिहिलेल्या आणि खाली एक आकडा. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण मला उर्दू येत नाही. वडिलांना येत होतं. ते असताना हा फोटो कधी बाहेर निघाला नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

शेवटी आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींकडे गेलो. ते त्याच शाळेत वडिलांच्या मागच्या वर्गात होते. त्यांनी आकडा वाचला, १३५२. मी गोंधळलो. ते म्हणाले, "हे फसली साल आहे, निजामाच्या कारभारातलं. यात पाचशे नव्वद मिळव." म्हणजे १९४२-४३. मग त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवत नावं वाचायला सुरुवात केली. हा कुंभाराचा, पळण्यात कायम पहिला. हा कचेरीतल्या पेशकाराचा, डब्यात रोज खिचडी आणायचा. हा पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात गेला. असे एकवीस जण लागले. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथ्या मुलाच्या नावावर ओल आली होती, शाई पसरली होती. गुरुजींनी फोटो उलटा केला, चष्मा काढला, डोळ्यांजवळ धरला. "चेहरा ओळखीचा आहे रे. आठवला की सांगतो," म्हणाले. पुढे दोन-तीनदा मी विचारलं, त्यांना आठवलं नाही. कोरोनाच्या पहिल्या वर्षी गुरुजी गेले.

महोदय, हे पत्र त्या एका नावासाठी आहे आणि तशा हजारो नावांसाठी आहे. मराठवाड्याच्या साध्यासुध्या जगण्याचे जुने फोटो आजही घराघरांत आहेत. ते जमवायला हवेत, हे अनेकांनी सांगितलं असेल. मला त्यापुढचं सांगायचं आहे. फोटो अजून दहा-वीस वर्षं तग धरतील, त्यातली माणसं आणि जागा ओळखणारी माणसं तेवढी वाट पाहू शकत नाहीत. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेली शेवटची पिढी आज नव्वदीच्या आसपास आहे. फोटोच्या पाठीवरचं उर्दू आणि मोडी वाचून वर समोरचा चेहराही ओळखू शकेल, असा माणूस एका गावात एखादाच उरला आहे. कित्येक गावांत तोही नाही.

आमच्या भागाचे फोटो निघालेच नाहीत, असं नाही. मराठवाड्यात कॅमेरा फार लवकर आला. मद्रासच्या फौजेतले रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमले गेले. त्यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, पण १८६० च्या दशकात त्यांनी काढलेले लेण्यांचे फोटो शिल्लक राहिले. पुढे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी वेरूळ, दौलताबाद, औरंगाबादचे फोटो काढले. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याचं काम झालं. या साऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत, हे मी मनापासून म्हणतो.

पण त्या काळातले लेण्यांचे फोटो जवळून पाहा. खांबाशी कुठेतरी एक माणूस बसलेला किंवा उभा दिसतो. खांब किती उंच आहे हे कळावं म्हणून त्याला तिथे बसवत. खांबाचं वर्णन, लेण्याचा क्रमांक, सगळं नोंदलेलं असतं. माणसाचं नाव नसतं. तो अजिंठ्याजवळच्या फर्दापूरचा होता की वेरूळचा, पखाल वाहायचा की पहारा करायचा, कुणी लिहिलं नाही. मला तो माणूस फार दिवस झोपू देत नाही. आपण आता जे काम करू त्यात आपल्याच माणसांचं असं होऊ नये.

दुसरी गोष्ट पाण्याखालची. माझ्या आईचं माहेर नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात गेलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. या दोन तारखांच्या मधल्या दहा वर्षांत शंभराहून जास्त गावं उठली. धरणाच्या भिंतीचे, कोनशिलेचे, पाहुण्यांचे फोटो आहेत. उठलेल्या गावांचे सरकारदरबारी काय आहेत? माझ्या आजोळचा मला ठाऊक असलेला एकच फोटो आहे, मावशीच्या लग्नाचा. नवरा-नवरी पुढे उभी आहेत. मागे गावाची वेस आहे, वेशीला लागून पार, पारावर तीन म्हातारे रुमाल बांधून बसलेत, एका घराच्या माळवदावर बायका आणि पोरं लग्न बघायला दाटीवाटीनं उभी आहेत. फोटोग्राफरला ती वेस नको होती, ती आपोआप आली. त्या वेशीचा तेवढाच पुरावा आहे.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी अशा फोटोंबद्दल विचारायला गेलो होतो. उत्तर मिळालं की मूळ फोटो जमा करा, परत मिळेलच असं सांगता येत नाही. ते मी मावशीला सांगितलं. तिनं फोटो उचलला आणि पदराखाली धरला. "आरं राजा, सरकारनं गाव घेतलं, आता फोटोबी घ्यायचा का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुठलीही योजना आखताना आपण आधी या बाईला काय सांगणार आहोत ते ठरवावं, एवढीच माझी विनंती आहे.

किल्लारीचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात जे झालं त्याचे फोटो साऱ्या जगानं पाहिले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. ढिगारे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहेत. पण २९ सप्टेंबरला, गणपती बोळवायच्या दिवशी, ती गावं कशी होती? दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, भिंतीत कोनाडे, अरुंद बोळ, आत चौक. त्या भिंतींवर टांगलेले फोटो भिंतींबरोबरच गेले. जे उरले ते परगावच्या लेकीबाळींकडे, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्यांकडे. मूळ गावाचं घर कसं होतं हे नातवाला दाखवायचं तर आज त्या कुटुंबांना दुसऱ्या कुणाच्या अल्बमकडे हात पसरावा लागतो.

आता स्टुडिओंबद्दल. आमच्या तालुक्याच्या गावी एक फोटो स्टुडिओ होता. रंगवलेला पडदा, त्यावर संगमरवरी जिना आणि कारंजं. एक स्टूल, एक खुर्ची, प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आणि टेबलावर रेडिओ. रेडिओ चालू नसायचा, तो फोटोत येण्यासाठीच ठेवलेला. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांनी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढले आणि पगार झाल्यावर चार जणींनी पैसे घालून इथे एक फोटो काढून घेतला, हे मी १९७२ साली लहान असताना बघितलेलं आहे. मेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो काढायलाही हेच स्टुडिओवाले खेड्यात जात. भिंतीला टेकवून बसवलेली आजी, आजूबाजूला रडवेली पोरं. कितीतरी घरांत आजीचा तेवढाच फोटो असतो. जगत असताना तिचा फोटो काढावा, असं कुणाला परवडलं नव्हतं.

स्टुडिओवाल्याच्या नातवानं तिथे मोबाइलचं दुकान घातलं. त्याचा दोष नाही, त्याला पोट आहे. निगेटिव्ह भंगारवाल्यानं नेल्या. जुन्या फिल्ममध्ये चांदी असते, ती काढून विकतात. मला बुटांच्या खोक्यात एक गठ्ठा मिळाला. प्रत्येक निगेटिव्ह वेगळ्या पाकिटात, पाकिटावर फक्त क्रमांक. ४१७, ४१८, ४१९. क्रमांकापुढची नावं एका जाड रजिस्टरात होती आणि ते रजिस्टर त्याच्या आधीच रद्दीत गेलं होतं. ४१७ मध्ये एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी आहे. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं तिच्या गालावरचे देवीचे व्रण कुणीतरी फार हळुवार हातानं पुसलेत. ती कोण, हे आता कधीच कळणार नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, शिबिर भरवा. लोक फोटो घेऊन येतील. त्यांच्या डोळ्यांदेखत स्कॅन करा, मूळ फोटो लगेच हातात परत द्या आणि जाताना एक चांगली छापील प्रत द्या. कुणाकडून कागदाचा कपटाही ठेवून घेऊ नका. आणि स्कॅनरच्या शेजारी दुसरं टेबल मांडा, तिथे फोटो आणणाऱ्याचं बोलणं रेकॉर्ड करा. कोण, कुठे, कधी, मागे दिसतं ते काय, ती विहीर कुणाची, ती जिनिंग फॅक्टरी कधी बंद पडली. हे दुसरं टेबल मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. उर्दू आणि मोडी वाचणारा एक माणूस तिथे मानधनावर बसवा. आमच्या विद्यापीठात इतिहास आणि उर्दू शिकणारी मुलं आहेत, त्यांना हे काम आनंदानं करता येईल. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी मात्र आपल्या माणसांनी जावं.

बंद पडत आलेल्या स्टुडिओंकडे उरलेल्या निगेटिव्ह आणि रजिस्टरं शासनानं योग्य मोबदला देऊन घ्यावीत, भंगाराचा भाव काही फार नसतो. ज्या फिल्मला शिरक्यासारखा आंबूस वास यायला लागला आहे ती आधी हाताळावी, कारण तो वास फिल्म कुजत असल्याचा आहे. रंगीत फोटोंकडेही दुर्लक्ष नको. लोकांना वाटतं जुनं म्हणजे काळं-पांढरं. पण १९८० च्या सुमाराचे रंगीत फोटो लाल पडून उडत चाललेत आणि त्यांच्याही चाळीस वर्षं आधीचे काळे-पांढरे अजून टवटवीत आहेत. आणि कृपा करून जुने फोटो लॅमिनेट करू नका, असं गावोगावी सांगायची व्यवस्था करा. लोक प्रेमापोटी करतात आणि फोटो कायमचा अडकतो.

एक नाजूक बाब. जुन्या फोटोंत कोण दिसतं, तर ज्यांना फोटो परवडत होता ते. गढी दिसते, वाडा दिसतो. गावकुसाबाहेरची वस्ती फार क्वचित. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत कुटुंबाचा पहिला फोटो हा शिकलेल्या पोराचा आहे, १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात दाखल झाल्यावर मित्रांबरोबर काढलेला, उसन्या कोटातला. शिबिरं मुख्य चौकात भरली तर ही घरं पुन्हा मागे राहतील. वस्त्यांवर, तांड्यांवर, पुनर्वसित गावांत वेगळी शिबिरं घ्यावी लागतील. आणि घरच्यांनी 'हा फोटो जाहीर दाखवू नका' म्हटलं तर तो दाखवायचा नाही, हे लेखी असावं.

हा सारा संग्रह मराठवाड्यातच राहावा, ही आग्रहाची विनंती. छत्रपती संभाजीनगरात त्याचं घर असावं आणि प्रत्येक जिल्ह्याला त्याची प्रत मिळावी. गिल आणि दीनदयाळ यांचे जे फोटो लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यांच्या उत्तम प्रती मागवून तिथेच ठेवाव्यात. वेरूळच्या पोराला वेरूळचा दीडशे वर्षांपूर्वीचा फोटो बघायला परदेशाचं तोंड बघावं लागू नये.

१७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिनाला मराठवाड्यात याल. पुढच्या १७ सप्टेंबरपर्यंत निदान आठ जिल्ह्यांत एकेक शिबिर झालं, तरी मला फार मोठं काम झाल्यासारखं वाटेल. आमच्या तालुक्यातल्या शिबिराची टेबलं मांडायला मी सकाळी सहा वाजता हजर राहीन. १३५२ फसलीचा फोटो बरोबर आणीन. दुसऱ्या रांगेतल्या चौथ्या मुलाला ओळखणारं कुणीतरी बाजाराला आलेलं असेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
जालना जिल्हा