हवामानवाल्या काकांना, डेटोनेशनच्या प्रबंधाबद्दल

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं एक पान असतं. मार्गदर्शक, विभागप्रमुख, आईवडील हा तिथला क्रम ठरलेला. त्यात तुमच्या वाट्याला अर्धी ओळ आली आणि ती मला फार अपुरी वाटते. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. नाशिकमध्ये बसून असलं काही करू पाहणाऱ्या मुलामुलींनाही कळावं, की तुम्ही नेमकं काय केलंत.

विषय नवीन असणाऱ्यांसाठी थोडं सांगते. शेगडीच्या बर्नरवर जी ज्योत असते ती आवाजाच्या वेगापेक्षा कितीतरी हळू सरकते. डेटोनेशनमध्ये उलट असतं. पुढे शॉक वेव्ह (आवाजापेक्षा वेगाने जाणारी, दाब एकदम चढवणारी लाट) धावते, ती वायूला दाबून तापवते, त्या तापलेल्या वायूचं ज्वलन लगेच मागे पेटतं आणि तेच ज्वलन शॉकला पुढे ढकलत राहतं. हायड्रोजन आणि हवेच्या नेमक्या प्रमाणातल्या मिश्रणात ही जोडगोळी सेकंदाला सुमारे १,९७० मीटर वेगाने जाते. जळताना दाबही वाढतो, त्यामुळे तेवढ्याच इंधनात जास्त काम मिळण्याची शक्यता असते. इंजिनवाल्यांना या लाटेची ओढ आहे ती यामुळेच. ३१ जानेवारी २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या मोहावीला स्पंदित डेटोनेशन इंजिनावर (त्यात डेटोनेशनचे ठोके एकामागून एक पडतात) एक छोटं विमान काही सेकंद उडालं. जुलै २०२१ मध्ये जपानच्या एस-५२०-३१ रॉकेटवर फिरत्या डेटोनेशनचं इंजिन अवकाशात चाललं. या दुसऱ्या प्रकारात दोन नळकांड्यांच्या मधल्या अरुंद फटीत लाट गोल गोल धावत राहते आणि खालून ताजं मिश्रण येत राहतं. माझा प्रबंध याच लाटेच्या सिम्युलेशनवर, म्हणजे ती संगणकावर गणिताने चालवून पाहण्यावर होता.

आम्ही नाशिकच्या सिडकोतले, बाबा अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर. ओझरच्या कारखान्यात आधी मिग आणि नंतर सुखोई ही लढाऊ विमानं तयार झाली हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे इंजिनाचं वेड घरात कोणाला विचित्र वाटलं नाही. पण ज्वलनाचं गणित संगणकावर कसं मांडायचं, हे विचारायला आसपास कोणी नव्हतं. बाबांच्या ओळखीतून गंगापूर रोडला तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगितलंत, "मला ज्वलनातलं काही कळत नाही. मी जन्मभर पावसाची समीकरणं सोडवली." आणि लगेच पुढचं वाक्य, "पण समीकरणं कुठलीही असोत, सारखीच चावतात. दाखव."

काका, तुम्ही मला कोड लिहून दिला नाहीत, याबद्दल आधी आभार. संगणक सुरू करण्यापूर्वी उत्तर किती यायला हवं ते कागदावर काढायला लावलंत. एक किलो हायड्रोजन जळला की सुमारे १२० मेगाज्यूल उष्णता देतो, मिश्रणात त्याचं वस्तुमान तीन टक्क्यांहूनही कमी, म्हणजे किलोभर मिश्रणामागे ३.४ मेगाज्यूल. डेटोनेशनचा वेग सांगणाऱ्या चॅपमन आणि जूगे यांच्या सिद्धांतातून निघणारं सोपं सूत्र घेतलं आणि गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) १.२ धरला, तर वेग साधारण १,७३० मीटर येतो, १.३ धरला तर २,१७० च्या आसपास. "म्हणजे तुझं खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार. आता कर रन," असं म्हणालात. तेव्हापासून माझा एकही रन असा नाही, ज्याच्या आधी मी वहीत आकडा मांडलेला नाही.

पण माझ्या कायमचं लक्षात राहिलेलं तुमचं काम वेगळंच आहे. तुम्ही मला मुद्दाम बिघडवायला शिकवलंत. एकाच मितीतली नळी, तापमान ठरावीक पातळीवर गेलं की क्षणात जळून जाणारं साधं रसायन, आणि हेतुपुरस्सर विरळ ग्रिड, म्हणजे नळीचे मोजणीसाठी पाडलेले तुकडे: एक तुकडा, म्हणजे सेल, ०.२ मिलिमीटर, आणि संगणकाचं वेळेतलं एक पाऊल, म्हणजे टाइम स्टेप, ०.०५ मायक्रोसेकंद. पडद्यावर लाट अगदी देखणी धावली, कुठेही डगमगली नाही. वेग मोजला तर बरोबर ४,००० मीटर. तुम्ही म्हणालात, "आता टाइम स्टेप निम्मी कर, बाकी कशाला हात लावू नकोस." वेग ८,००० झाला! निसर्गातली लाट माझ्या टाइम स्टेपकडे बघून वेग ठरवत नाही. मग आपण एकेक सेल उघडून पाहिला. संगणकात शॉक धारदार राहत नाही, दोन-तीन सेलमध्ये पसरतो. त्या पसरटपणामुळे पुढच्या सेलचं तापमान जरासं चढतं, रसायन तेवढ्यावरच पेटतं आणि अख्खा सेल एका पावलात जळून मोकळा होतो. मग त्याच्या पुढचा. लाट दर पावलाला एकच सेल ओलांडत होती, भौतिकशास्त्राशी तिचा संबंधच उरला नव्हता. ही फसगत १९८६ मध्ये कोलेला, मज्दा आणि रॉयटबर्ड यांनी दाखवली होती, १९९० मध्ये लेव्हेक आणि यी यांनी तिचा पुन्हा बारकाईने अभ्यास केला. मी ते नंतर वाचलं. पण आधी ते तुमच्या व्हरांड्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि वाचण्यात आणि पाहण्यात केवढा फरक असतो!

त्या दिवशी तुम्ही रिचर्डसनची गोष्ट सांगितलीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात या माणसाने हवामानाचा अंदाज हाताने आकडेमोड करून काढला आणि १९२२ मध्ये तो जसाच्या तसा छापला. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कल वाढेल असं उत्तर आलं होतं, प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नाही. समीकरणं बरोबर होती, सुरुवातीची आकडेवारी गुळगुळीत केलेली नव्हती. एका पावलात लाट एका सेलपेक्षा फार पुढे जाता कामा नये, अशी टाइम स्टेपची मर्यादा सांगणारी कुरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांची अट आली ती १९२८ मध्ये. पावसाच्या मॉडेलला आणि माझ्या डेटोनेशनला एकच अट लागू पडते, फक्त तुमची पावलं मिनिटांची आणि माझी नॅनोसेकंदांची, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला विषय पहिल्यांदा आपला वाटला.

पुढे खरं हायड्रोजनचं रसायन घातलं, नऊ घटक आणि वीसेक अभिक्रिया, आणि वेग १,९७० च्या अगदी जवळ आला. घरी पेढे आणायचं ठरत होतं. तुम्ही मात्र थांबवलंत. वेग हा वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या हिशेबातून ठरतो. मघाची ती सेलमागून सेल ओलांडण्याची फसगत टळली, की हिशेब चोख ठेवणारा कोड जाडजूड ग्रिडवरही तो बहुधा बरोबर देतो. "रसायन बरोबर सुटलंय का, हे वेग तुला कधीच सांगणार नाही. दुसरं काय मोजता येईल?" हा प्रश्न, काका, माझ्या प्रबंधाचा कणा आहे.

उत्तर सापडलं काजळीच्या पत्र्यात. डेटोनेशनची लाट सपाट नसते, तिच्यावर आडव्या लाटा येत-जात असतात आणि त्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे दाब फार चढतो. प्रयोगशाळेत नळीच्या भिंतीला काजळी धरलेला पत्रा लावला, की त्या भेटींच्या रेघा उमटतात आणि माशाच्या खवल्यांसारखी नक्षी तयार होते. डेनिसोव्ह आणि ट्रोशिन यांनी १९५९ मध्ये ती दाखवून दिली. हायड्रोजन-हवेत एका खवल्याची रुंदी साधारण सेंटिमीटरभर असते. मी कोडमध्ये प्रत्येक सेलने आजवर पाहिलेला सर्वांत मोठा दाब साठवायला सुरुवात केली. ०.२ मिलिमीटरच्या ग्रिडवर नक्षी पुसट आणि चुकीच्या मापाची. जसजशी ग्रिड बारीक केली तसतसे खवले उमटत गेले आणि त्यांचं माप प्रयोगाच्या मापाकडे सरकत गेलं. सकाळी फाइल उघडल्यावर ती नक्षी पहिल्यांदा नीट दिसली, तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही आधी विचारलंत, "ग्रिड आणखी बारीक केल्यावर बदलतात का?"

ग्रिड बारीक करणं म्हणजे काय, हेही लोकांना सांगायला हवं. दोन मितींत ग्रिड दहापट बारीक केली की सेल शंभरपट होतात, टाइम स्टेप दहापट लहान करावी लागते, म्हणजे काम हजारपट. संपूर्ण इंजिनाचा परीघ उलगडून तसं सोडवणं माझ्या आवाक्यात नव्हतं. म्हणून तुमच्या सल्ल्याने काही सेंटिमीटर रुंदीचा चॅनेलच घेतला, आणि परिघाचं मोठं चित्र जाड ग्रिडवर ठेवून त्यातून काय सांगता येत नाही ते स्पष्ट लिहिलं. परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला.

हे सगळे रन तुमच्या घरच्या डेस्कटॉपवर झाले. काकूंनी त्या खोलीचा पंखा रात्रंदिवस चालू ठेवला, वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी संगणक आणि मग टीव्ही असा नियम केला, आणि वाढलेल्या बिलाबद्दल मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. काकू, तुमचेही मनापासून आभार. तुमच्या हातच्या थालीपिठांचा उल्लेख प्रबंधात करता आला नाही, तो इथे करते.

मला आणखी एका गोष्टीचं अप्रूप वाटतं. आपण बोलत असताना निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांचे फोन यायचे, गारपीट होईल का, थंडी किती उतरेल. तुम्ही प्रत्येकाला आकड्याबरोबर त्यावर किती भरवसा ठेवायचा तेही सांगायचात. ज्याची बाग त्यावर अवलंबून आहे त्याला नुसतं उत्तर देऊन भागत नाही, हे मी तिथे बसून ऐकलं. आज माझ्या प्रत्येक आलेखावर ग्रिड किती बारीक होती आणि ती बदलल्यावर उत्तर किती हललं, ते लिहिलेलं असतं.

आता पुढचं काम मिथेनचं आहे. हवेबरोबर मिथेनचे खवले तीसेक सेंटिमीटरचे, म्हणजे छोट्या इंजिनात मावतच नाहीत. जपानच्या त्या रॉकेटनेही मिथेनबरोबर ऑक्सिजनच वापरला होता. रसायनाचा प्रचलित संच ५३ घटकांचा आणि ३२५ अभिक्रियांचा आहे. त्यातलं काय वगळलं तर चालेल, आणि वादळाभोवती बारीक ग्रिड नेता तशी लाटेबरोबर सरकणारी ग्रिड मला कशी लिहिता येईल, यावर तुमच्याशी सविस्तर बोलायचंय. दिवाळीत नाशिकला येतेय. वहीत आकडे मांडूनच येईन.

तुमची,
सिडकोतली विद्यार्थिनी