लॅप माझा, नाव भलत्याचंच!

संपादक साहेब, नमस्कार,

हल्ली पुण्यात रेसिंग सिम्युलेटरवाले गेमिंग झोन बरेच निघालेत, माझा मुलगा दर रविवारी तिथे पडीक असतो आणि खरं सांगायचं तर मीपण. तर झालं असं की मागच्या महिन्यात आम्हाला जो टेलिमेट्री रिपोर्ट (म्हणजे गाडी कशी चालवली त्याची नोंद) मिळाला त्यात ब्रेक, थ्रॉटल, स्टिअरिंगचे ग्राफ सगळे होते पण लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) तिसऱ्याच कुणाचे! काउंटरवरचा पोरगा म्हणे सिस्टिम एरर आहे काका. अहो एरर कसली? एफ-वन गेम हा डेटा यूडीपीने, म्हणजे पोचला की नाही ते न बघता नेटवर्कवर छोटी छोटी पॅकेट सोडायच्या पद्धतीने पाठवतो, सेकंदाला ६० वेळापर्यंत, आणि पोर्ट (डेटा ज्या दारातून पीसीत शिरतो त्याचा नंबर) मुळातच २०७७७ ठरलेला असतो, मग चारही रिग (खेळायचे सिम्युलेटर) एकाच पीसीकडे त्याच पोर्टवर सोडल्या आणि कुठलं पॅकेट कुठल्या रिगचं ते आयपी अ‍ॅड्रेसवरून किंवा सेशन नंबरवरून वेगळं केलं नाही तर खिचडीच होणार ना. त्यात वाय-फायवर चालवलं की पॅकेट गळतात, यूडीपी ते परत पाठवत नाही, ग्राफमधे नुसत्या उड्या दिसतात. साधी लॅन केबल टाका की राव!

दुसरं म्हणजे नाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख सगळं लिहून घेतात, ते कधी डिलीट करणार विचारलं तर नुसतं हसतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितलीय, आम्हाला तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

एक वाचक, कोथरूड